उघडा संदर्भ

माझ्या जाडजूड प्रबंधात माझं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य होतं. बाकी सगळं कुणी ना कुणी आधी म्हणून ठेवलेलं, मी फक्त नीट रचून मांडलेलं. आणि मंगळवारी सकाळी, चार्वीच्या तोंडात नाचणीचं सत्त्व घालत असताना, उगमनं मला सांगितलं की तेही वाक्य माझं नाही.

"उघडा संदर्भ," कानातली बाई म्हणाली. तिचा आवाज बँकेत रांगेत उभं करणाऱ्या लोकांसारखा नम्र आहे. "सदर विधान आपल्या आधी अन्य व्यक्तीने केलेले आढळते. स्रोत, शीतल चौगुले. स्थळ, स्वयंपाकघर."

शीतल चौगुले म्हणजे माझी मोठी जाऊ, मी त्यांना वहिनी म्हणते. स्वयंपाकघर म्हणजे मी ज्यात उभी होते तेच. चार्वीनं सत्त्वाची पिचकारी माझ्या चष्म्यावर उडवली आणि मला वाटलं, बरं झालं, थोडा वेळ तरी काचेवरचं ते लाल अक्षर दिसायचं नाही.

आठवड्याच्या शेवटी माझी नोंदणी संपत होती. बाळंतपणासाठी मिळालेली मुदतवाढ वापरून झाली होती, आणखी मिळणार नव्हती. शनिवारपर्यंत प्रबंध गेला नाही तर पाच वर्षांचं काम पाण्यात. आणि प्रबंधात एक जरी संदर्भ उघडा असेल तरी विद्यापीठाचं पोर्टल तो आत घेत नाही.

उगम म्हणजे काय, हे सासूबाईंना मी तीनदा समजावलंय. चौथ्यांदा इथे समजावते.

आमच्या मार्गदर्शक बागवान मॅडम प्रबंध लिहीत होत्या त्या काळी संदर्भांचं सॉफ्टवेअर हे एक गरीब गाईसारखं प्रकरण होतं. तुम्ही वाचलेले लेख त्यात टाकायचे, लिहिताना बटण दाबायचं, की शेवटी संदर्भसूची तयार. भांडण असायचं ते स्वल्पविरामावरून आणि तिरप्या अक्षरांवरून. मग यंत्रं प्रबंध लिहायला लागली. कुणी काय वाचून लिहिलंय, की वाचलंच नाहीये, काही कळेना. तेव्हा विद्यापीठांनी उलटी वाट धरली. लिहिलेलं तपासण्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते कुठून आलं तेच तपासायचं.

म्हणून हा चष्मा आणि कानातलं बोंडूक. नोंदणी झाल्यापासून मी जे वाचते, ऐकते, बोलते ते सगळं उगमकडे जमा होतं. शब्द नाही, अर्थ. प्रत्येक वाक्याच्या अर्थाला एका प्रचंड नकाशात एक ठिकाण मिळतं. अर्थानं जवळची वाक्यं शेजारीशेजारी, सांगली आणि मिरज असावीत तशी. लांबची लांब. मी प्रबंधात एक वाक्य लिहिलं की उगम त्या ठिकाणी जातं, आसपास चौकशी करतं, आणि माझ्या आयुष्यात तिथे सगळ्यांत आधी कोण येऊन गेलं ते शोधून काढतं. जो आधी तो स्रोत. लेख असेल तर सूचीत टाका. जिवंत माणूस असेल तर उगम त्याला स्वतः विचारतं, हे तुमचं आहे का? हो म्हणाला तर संमती. नाही म्हणाला तर मग कुणाचं? असं करत करत माग शेवटच्या माणसापर्यंत जातो आणि संदर्भ बंद होतो.

कागदावर किती छान वाटतं.

माझा विषय तान्ह्या बाळांचं रडणं. दुखणं येण्याआधी रडण्यावरून ते ओळखता येईल का, हा प्रश्न. चार वर्षं मी मिरजेच्या दवाखान्यांतून बाळांचं रडणं गोळा केलं, त्याचा स्वर मोजला, पट्टी मोजली, थरथर मोजली. हाती काही नाही. चार्वी झाल्यावर मी पुन्हा बसले आणि लक्षात आलं की आमचं मोजणीचं यंत्र जागा वाचवण्यासाठी मधली शांतता कापून टाकत होतं. मी मूळ ध्वनिमुद्रणं काढली, कापलेल्या शांतता परत जोडल्या आणि त्याच मोजल्या. आणि सापडलं! कान दुखायला लागणारी बाळं रडता रडता मधेच, घोट गिळावा तशी, थांबत होती. "कानाच्या दुखण्याची खूण बाळाच्या रडण्यात नसते, दोन रडण्यांच्या मधल्या उसंतीत असते." हे ते वाक्य. त्याच्यावर सगळी इमारत.

"ऐकव," मी उगमला म्हणाले.

कानात आमच्याच स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी वाजली. मग वहिनींचा आवाज, सासूबाईंना उद्देशून. "रडण्याकडं नका बघू आई. मधी थांबतीय तिथं बघा. गिळताना थांबली की समजायचं, कान दुखणार." पाठीमागे चार्वीचं रडणं, ती तीन महिन्यांची असतानाचं. मी त्याच खोलीत होते, कारण बोंडूक माझ्या कानात होतं. हे मी ऐकलं होतं. आणि त्यानंतर कितीतरी दिवसांनी ते वाक्य माझ्या वहीत उमटलं होतं.

मी चोर आहे की काय?

तसं असलं-नसलं तरी वहिनींना जाऊन विचारणं ही सोपी गोष्ट राहिली नव्हती, आणि त्याला कारणही उगमच.

झालं असं की चार्वी झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटायची. ती झोपली की छाती वर-खाली होतेय का बघायची, जागी झाली की का जागी झाली म्हणून बघायची. त्यात घरात सल्ल्यांचा पाऊस. मध चाटव. मध चाटवू नकोस. ओव्याची धुरी दे. टाळूवर तेल थाप. मग मी एक युक्ती केली. उगमला घरात पण विचारायला लागले. कुणी काही म्हणालं की ते शोधायचं आणि सांगायचं, स्रोत आहे की नाही. पुढे कानात ऐकायचा कंटाळा आला म्हणून फ्रिजच्या पडद्याला जोडून दिलं. वहिनी म्हणाल्या, "बाळगुटीचा एक वेढा उगाळून दे," की फ्रिजवर लाल फुली. वहिनी म्हणाल्या, "उन्हाला दाखव जरा," की हिरवी टिकली आणि खाली लेखांची नावं.

"ह्याला आधार काय, वहिनी?" असं मी दिवसातून किती वेळा म्हणत होते, ते मला तेव्हा ऐकू येत नव्हतं.

एका दुपारी पाहुण्यांसमोर फ्रिजनं त्यांना लागोपाठ लाल फुल्या दिल्या. वहिनी डी. फार्म झालेल्या, सांगलीत आमचं औषधांचं दुकान त्याच चालवतात. गावातले लोक डॉक्टरच्या आधी त्यांना विचारायला येतात. त्यांनी शांतपणे फ्रिज उघडला, ताक काढलं, पाहुण्यांना दिलं आणि म्हणाल्या, "घ्या. ह्याला आधार नाही, पण ताजं आहे."

तेव्हापासून त्या माझ्याशी थेट बोलत नाहीत. चार्वीमार्फत बोलतात. "चार्वे, तुझ्या मम्मीला सांग, दूध उतू चाललंय." मीही तसंच. "चार्वी, काकूला विचार, कणीक मळू का?" दहा महिन्यांच्या पोरीवर केवढा हा पोस्टाचा भार!

मी आधी पळवाट शोधली. वाक्य बदलून लिहिलं. उसंतीच्या जागी विराम, खुणेच्या जागी लक्षण. "शीतल चौगुले," उगम म्हणालं. उलटं करून लिहिलं. "शीतल चौगुले." नकारार्थी केलं, इंग्रजीत केलं, शेवटी वैतागून आकृती काढली. आकृतीखाली लाल अक्षरात नाव, शीतल चौगुले. म्हणे अर्थ तोच आहे.

बागवान मॅडमना फोन लावला.

"मग एवढं काय झालं?" त्या म्हणाल्या. "जावेचं आहे तर जावेचं नाव घाल. सूचीत एक ओळ."

"मॅडम, ते वाक्य त्यांचं ठरलं तर माझं मौलिक योगदान काय उरलं?"

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "हां. तेही आहे म्हणा. मोजमाप उरलं. पण परीक्षक विचारतील, कल्पना कुणाची." मग हळू आवाजात, "ती नाही म्हणेल असं नाही का होणार? नाही म्हणाली, तुझ्याकडूनच ऐकलं म्हणाली, तर तुझं तुला परत."

"आणि त्यांचंच असेल तर?"

"मग मला विचारू नकोस, बाळा. मी काही ऐकलं नाही." आणि फोन ठेवला. उगमनं अर्थातच ऐकलं होतं.

संमेदला सांगितलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो म्हणाला, "तुम्ही दोघी बघा काय ते." ह्या वाक्याचा स्रोत मला ठाऊक आहे. त्याचे वडील, त्यांचे वडील, आणि मागे थेट पहिल्या तीर्थंकरांच्या, आदिनाथांच्या काळापर्यंत कुणीही पुरुष.

शुक्रवारी दुपारी चार्वीला कडेवर घेऊन मी दुकानात गेले. वहिनी काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं कापत होत्या. एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते, एक बाई खोकल्याचं औषध. मी दोघं जाण्याची वाट बघत उभी राहिले. बाई गेली. आजोबा काही हलेनात, बाकावर बसून चार्वीशी बोलायला लागले.

"चार्वे," वहिनी कात्रीवरून नजर न काढता म्हणाल्या, "मम्मीला काय पायजे?"

"वहिनी, मी तुमच्याशीच बोलतेय."

कात्री थांबली.

मी सगळं सांगितलं. भरभर, श्वास न घेता. मग फोन काउंटरवर ठेवला आणि ते बोलणं ऐकवलं. कुकरची शिट्टी, रडणं, "मधी थांबतीय तिथं बघा." वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे माझ्या बोलण्याला आधार लागत नाही," त्या म्हणाल्या, "माझं बोलणंच आधार निघालं."

"वहिनी..."

"फ्रिजला सांगितलंस का हे?"

आजोबा हसले. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं, त्यांनी गोळ्यांकडे.

उगमला धीर नव्हताच. जिवंत स्रोत समोर आहे म्हटल्यावर फोनमधूनच बोललं. "शीतल चौगुले, हे विधान आपले आहे का?"

बस्स. एक हो म्हणाल्या असत्या तर संदर्भ बंद झाला असता, आणि माझं वाक्य गेलं असतं. मी चार्वीला घट्ट धरलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "हिचंच आहे."

"मग मृणाल चौगुले यांनी ते केव्हा केले?"

"सव्वा महिन्यात."

"त्या काळातील नोंद उपलब्ध नाही."

"असंल कशी? कानात कापूस होता तिच्या!"

आणि मला एकदम ओव्याच्या धुराचा वास आला.

माझ्या आईचं नेमकं त्याच वेळी मणक्याचं ऑपरेशन झालं, म्हणून माझं बाळंतपण माहेरी न होता सासरी झालं. सव्वा महिना. खाटेखाली शेगडी, डोक्याला स्कार्फ, आणि वारा लागू नये म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे. बोंडूक काढून कपाटात. चष्मा पण, डोळ्यांना ताण नको म्हणून. उगमच्या नकाशात माझ्या आयुष्याचे तेवढे दिवस कोरे आहेत. खरं सांगायचं तर माझ्याही नकाशात. झोप नाही, टाके दुखतायत, दूध येतंय, येत नाहीये. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते फक्त वहिनींचे हात. चार्वीला पायांवर घेऊन अंघोळ घालणारे, माझ्या पाठीला तेल लावणारे.

"तू खाटेवर होतीस," वहिनी म्हणाल्या. "मी हिला न्हाऊ घालत होते, ही टाहो फोडत होती. आणि तू ओरडलीस, वहिनी, ही मधीच थांबतीय बघा! केवढ्यांदा. कापूस असला की तुला वाटायचं सगळे बहिरे आहेत. शेजारच्या माळी काकू खिडकीत आल्या होत्या."

"मला आठवत नाही."

"तुला स्वतःचं नाव आठवत नव्हतं तेव्हा."

मी तिथेच उभी राहून विचार करत होते. कापूस. मला तिचं रडणं नीट ऐकूच येत नव्हतं! ऐकू येणारा माणूस रडण्याकडे लक्ष देतो. मी फक्त बघत होते. उघडं तोंड, लाल चेहरा, आणि मधेच हलणारा तो एवढासा गळा. चार वर्षं मी कानांनी जे शोधत होते ते कान बंद झाल्यावर डोळ्यांना दिसलं होतं. म्हणजे वहिनी खोटं बोलत नव्हत्या. माझंच होतं ते!

"पण कान," मी म्हणाले. "कान दुखतोय, हे मी म्हणाले?"

वहिनींनी खांदे उडवले. "ते मी. गिळताना कानात कळ येती, हे दुकानातल्या पोरासोरांच्या आयांकडून रोज ऐकते की मी. मी म्हटलं, कान असंल. तू म्हणालीस, काय? मी म्हटलं, कान! तू म्हणालीस, काय? शेवटी तुझा कान धरून दाखवला. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं."

तर थांबणं माझं, आणि कान त्यांचा. एक वाक्य, अर्धं अर्धं. मी उगमला तसं सांगितलं.

"चक्रीय संदर्भ," उगम म्हणालं. "दोन्ही व्यक्ती परस्परांकडे निर्देश करतात. नोंद नसल्याने प्राधान्य ठरवता येत नाही. संदर्भ उघडा आहे."

"अगं, आम्ही सांगतोय ना!"

"साक्ष म्हणजे नोंद नव्हे."

"हिला जरा माझ्याकडं दे," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं चार्वीला. त्यांनी फोन उचलला. "हे बघा बाई. आम्ही दोघी तिथं होतो. हिनं बघितलं, मी बोलले. त्यात पहिलं कोण नि दुसरं कोण?"

"हे विधान कोणाचे आहे, कृपया एकच नाव सांगा."

"एकच नाव?" वहिनींचा आवाज चढला. "ह्या पोरीचं! तीच रडायची, तीच थांबायची. तिनं दाखवलं म्हणून आम्ही बघितलं. तिला विचारा जावा!"

आजोबांनी मान वळवून चार्वीकडे बघितलं.

"मूळ स्रोत, चार्वी संमेद चौगुले," उगम म्हणालं. "स्रोत सज्ञान नाही. पालकाची संमती आवश्यक. मृणाल चौगुले, आपण पालक आहात का?"

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी माझ्याकडे.

"आहे," मी म्हणाले.

"संमती आहे का?"

"आहे."

पडद्यावरचं लाल अक्षर गेलं. हिरवं आलं. संदर्भ बंद. इतक्या दिवसांची कटकट, आणि सुटली ती अशी, एका बडबडीच्या तडाख्यात, औषधाच्या दुकानात. खाली ओळ होती: प्रत्यक्ष निरीक्षण, निरीक्षक मृणाल चौगुले. मौलिक योगदान पूर्ण. त्याच्या खाली हिरवं बटण, पाठवा.

"दाब की," वहिनी म्हणाल्या. "बघत काय बसलीस?" आणि परत पाकिटं कापायला लागल्या.

माझं बोट बटणावर होतं. त्या ओळीत वहिनी कुठेच नव्हत्या. ऋणनिर्देशात होत्या, "घरातील सर्व" ह्या दोन शब्दांपैकी कुठल्यातरी एकात.

तेवढ्यात चार्वी रडायला लागली. उकाडा, पंखा बंद, झोपेची वेळ. रडता रडता थांबली. आम्ही दोघी एकदम वाकलो, तिच्या गळ्याकडे बघत. वहिनी काउंटरच्या पलीकडून, मी इकडून. डोक्याला डोकं लागलं.

गळा हलला नाही. चार्वीनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

"कान नाही," मी म्हणाले.

"नाही. नुसती चिडलीय," वहिनी म्हणाल्या. "आईवर गेलीय."

मी बोट बटणावरून काढलं आणि वाक्याच्या सुरुवातीला गेले. "संशोधिकेस असे आढळले" हे खोडलं. "आम्हां दोघींना असे आढळले" असं लिहिलं.

हिरवं पिवळं झालं. "इशारा," उगम म्हणालं. "मौलिक योगदान विभागले जाईल. मार्गदर्शकांचा लेखी खुलासा लागेल. बदल कायम ठेवायचा का?"

बागवान मॅडम काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. परीक्षक काय विचारतील तेही. तोंडी परीक्षेत घाम फुटेल. खुलासा शनिवारच्या आत लिहून घ्यावा लागेल, मॅडम कदाचित कोल्हापूरला गेल्या असतील, पोर्टल बंद पडेल. पण बदल ठेवला.

"कायम ठेव."

"दुसऱ्या निरीक्षकाचे नाव मोठ्याने सांगा."

चार्वी कडेवर हुंदके देत होती, दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं आली होती, आजोबा बाकावर पुढे सरकून बसले होते. आणि मी चार्वीचं नाक पुसत राहिले. इतक्या महिन्यांनी त्या बाईंचं नाव घ्यायचं, तेही सगळ्यांदेखत.

"कृपया मोठ्याने सांगा," उगम म्हणालं.

वहिनींनी गिऱ्हाइकाच्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली, आणि वळून गोळ्यांचा खण उघडता उघडता, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या,

"सांग की मोठ्यांदा. आज काय कानात कापूस घालू होय?"